फोन टॅपिंग कसं होतं, परवानगी कोण देतं आणि सरकार बदललं की काय बदलतं?

पारनेर तालुक्यात निवडणूक जवळ आली की माझ्या ओळखीची पोरं, कुठल्याही पक्षाची असोत, एकच वाक्य बोलतात: "साध्या कॉलवर नको, व्हॉट्सअ‍ॅपला कर." यातल्या प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं की आपला फोन ऐकला जाणार. स्वतःच्या पक्षाचं सरकार असेल तर मात्र सगळे निर्धास्त. हा निर्धास्तपणा किती खरा आहे ते या लेखात पाहू. सोबत फोन टॅपिंगचं तंत्र, त्याचा कायदा आणि महाराष्ट्रात प्रत्यक्ष काय घडलं, हेही पाहू.

थोडक्यात

- फोन टॅप करायला कोर्टाची परवानगी लागत नाही. राज्यात गृहसचिवांचा आदेश लागतो.
- त्या आदेशाची तपासणी सचिवांचीच तीन जणांची समिती करते.
- टॅप झालेल्या माणसाला नंतरही कधी कळवलं जात नाही.
- महाराष्ट्रातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रकरणात ज्यांचे फोन ऐकल्याचा आरोप झाला, त्यातले काही जण त्या वेळी सत्ताधारी बाजूचेच होते.

टॅपिंग म्हणजे एकच गोष्ट नाही

बोलताना आपण सगळ्यालाच "टॅपिंग" म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या हे तीन वेगळे प्रकार आहेत.

*१. कॉल ऐकणे.* कंपनीच्या नेटवर्कमध्ये तुमचा नंबर "टार्गेट" म्हणून टाकला जातो. त्यानंतर तुमच्या प्रत्येक कॉलची आणि एसएमएसची एक प्रत तपास यंत्रणेकडे जाते. हे सगळं कंपनीच्या यंत्रणेत घडतं, तुमच्या हँडसेटमध्ये नाही. त्यामुळे कॉलमध्ये खरखर येणं, बॅटरी लवकर उतरणं, फोन गरम होणं, यातलं काहीही या टॅपिंगचं लक्षण नाही. पूर्वी टेलिकॉम कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे आदेश जायचा आणि कंपनी टॅप लावायची. केंद्र सरकारच्या सी-डॉटने बनवलेल्या सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीममध्ये कंपनीच्या माणसाला मध्ये न घेता हे काम करता येतं. यात बातमी फुटण्याचा धोका कमी होतो हे खरं. पण मधला एक साक्षीदारही कमी होतो.

*२. सीडीआर काढणे.* यात बोलणं ऐकलं जात नाही. तुम्ही कोणाला, किती वाजता, किती वेळ कॉल केला आणि तेव्हा कुठल्या टॉवरवर होता याची ही यादी असते. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. यासाठी गृहसचिवांची परवानगी लागत नाही, पोलिसांची लेखी मागणी पुरते. आणि खरं सांगायचं तर महिनाभराच्या सीडीआरवरून माणसाबद्दल जेवढं कळतं, तेवढं दहा कॉल ऐकूनही कळत नाही.

*३. हँडसेटमध्ये शिरणे.* व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिल २०१६ पासून एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन आहे. म्हणजे मेसेज वाटेत पकडला तरी वाचता येत नाही. म्हणून पेगॅसससारखं स्पायवेअर थेट फोनमध्ये शिरतं आणि मेसेज स्क्रीनवर उलगडल्यावर तो वाचतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने ज्यांना पेगॅससबद्दल सावध केलं, त्यांत भीमा कोरेगाव प्रकरणातले नागपूरचे एक वकीलही होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये मालवेअर सापडलं, पण ते पेगॅससच असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये भर कोर्टात सांगितलं.

"व्हॉट्सअ‍ॅपला कर" हा सल्ला पहिल्या प्रकारापुरता बरोबर आहे. तिसऱ्यापुढे तो चालत नाही.

परवानगीचा कागद कुठून कुठे जातो?

भारतात फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला दिला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने. पारनेरचे सेनापती बापट १८८० साली जन्मले. ते पाच वर्षांचे असताना आलेला हा कायदा, ज्या ब्रिटिश पोलिसांना चुकवत त्यांना पुढे भूमिगत राहावं लागलं, त्यांच्या राज्यासाठी लिहिलेला होता. टॅपिंगचा आधार म्हणून तो २०२४ पर्यंत चालला. आता त्याच्या जागी दूरसंचार कायदा, २०२३ आला आहे. टॅपिंगचं कलम २०(२) जून २०२४ मध्ये लागू झालं आणि त्याचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. भाषा नवी असली तरी सांगाडा जुनाच आहे:

1. पोलीस किंवा गुप्तवार्ता यंत्रणा नंबर आणि कारण लिहून प्रस्ताव पाठवते.
2. राज्यात गृहसचिव, केंद्रात केंद्रीय गृहसचिव आदेश काढतात. सार्वजनिक आणीबाणी किंवा लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच. शिवाय देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी रोखणं अशा ठरावीक कारणांसाठीच.
3. तातडी असेल तर यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी (राज्यात किमान आयजी दर्जाचे) आधी टॅप सुरू करू शकतात. पण तीन कामकाजी दिवसांत कळवावं लागतं आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी आली नाही तर टॅप बंद करावा लागतो.
4. आदेश ६० दिवस चालतो. वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांपेक्षा जास्त नाही.
5. मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृह सोडून आणखी एक सचिव यांची समिती आदेश योग्य होता का ते दोन महिन्यांत पाहते.

यातले बरेचसे नियम पीयूसीएल खटल्यातून आले. राजकारण्यांच्या फोन टॅपिंगबद्दलच्या सीबीआय अहवालाची बातमी १९९१ मध्ये एका नियतकालिकात आली, त्यावरून पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. फोनवरचं बोलणं हा खाजगीपणाचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र टॅपिंगआधी न्यायाधीशाची परवानगी हवी, ही मागणी मान्य केली नाही.

आता पाचव्या पायरीचा हिशोब करू. केंद्र सरकार महिन्याला ७,५०० ते ९,००० टॅपिंग आदेश काढतं, असं दहा-बारा वर्षांपूर्वी माहिती अधिकारातल्या एका उत्तरातून समोर आलं. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात यावर बोट ठेवलं: दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश येतात. एका आदेशाला एक मिनिट दिलं तरी १८,००० आदेशांना तीनशे तास लागतील. दिवसाला आठ तास बसलं तर ३७ दिवसांहून जास्त. मुख्य सचिव दर्जाचे अधिकारी एवढा वेळ देऊ शकत नाहीत. ही तपासणी कागदावरच आहे, असं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात काय घडलं?

*२०१६ ते २०१८.* राज्यात भाजप-शिवसेनेचं सरकार आणि पुण्याच्या पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला. या काळात नाना पटोले, बच्चू कडू, संजय काकडे आणि आशिष देशमुख यांचे फोन भलत्याच नावांनी टॅप केल्याचा आरोप पुढे झाला. पटोलेंचा नंबर "अमजद खान" या नावाने आणि अमली पदार्थांच्या तस्करीचं कारण दाखवून ऐकला गेला, असं खुद्द पटोलेंनी सांगितलं. कडूंसाठी "निजामुद्दीन बाबू शेख" हे नाव वापरल्याचा आरोप होता. हे चौघे तेव्हा कुठे होते बघा. पटोले भाजपचे खासदार, देशमुख भाजपचे आमदार, काकडे भाजपसोबत असलेले राज्यसभा खासदार आणि कडू अपक्ष आमदार.

*२०१९.* शुक्ला राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख. या काळात संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांचे फोन टॅप केल्याचा आरोप झाला. खडसे तेव्हा भाजपमध्येच होते.

*२०२० ते २०२१.* आता सरकार महाविकास आघाडीचं. २०२० मध्ये पोलीस बदल्यांमधल्या दलालीच्या संशयावरून गुप्तवार्ता विभागाने काही फोन टॅप केले आणि अहवाल दिला. मार्च २०२१ मध्ये विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी तो अहवाल आणि ६.३ जीबी डेटा आपल्याकडे असल्याचं पत्रकार परिषदेत सांगितलं आणि सीबीआय चौकशी मागितली. मुख्य सचिव सीताराम कुंटे यांच्या अहवालात मात्र टॅपिंगची परवानगी दिशाभूल करून घेतल्याचा ठपका होता. गोपनीय अहवाल फुटल्याबद्दल मुंबईत सायबर पोलिसांनी गुन्हा दाखल केला.

*२०२२.* विधानसभेत प्रश्न आल्यानंतर नेमलेल्या समितीच्या चौकशीवरून फेब्रुवारीत पुण्यात बंडगार्डन ठाण्यात आणि मार्चमध्ये मुंबईत कुलाबा ठाण्यात शुक्लांवर गुन्हे दाखल झाले. आपण परवानगी घेऊनच काम केलं, ही कारवाई राजकीय सूडातून आहे, अशी त्यांची बाजू होती. जून अखेरीस सरकार बदललं. त्यानंतर पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि मुंबईच्या प्रकरणात खटला चालवायला सरकारने मंजुरी नाकारली.

*२०२३ ते २०२४.* ८ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

कोण दोषी, कोण निर्दोष हे मी सांगणार नाही. गुन्हे रद्द झाले आहेत आणि कायद्याच्या नजरेत कोणीही दोषी ठरलेलं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. एका सरकारने गुन्हा दाखल केला आणि पुढच्या सरकारच्या काळात तो बंद झाला. पूर्ण खटला चालून साक्षी-पुरावे तपासले गेलेच नाहीत. त्यामुळे "हे फोन का ऐकले गेले आणि कोणी काय लिहून परवानगी मागितली" याचं उत्तर ना आरोप करणाऱ्यांना मिळालं, ना आरोप झालेल्यांना, ना आपल्याला.

हे फक्त एका पक्षाचं दुखणं नाही

१९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपांवरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. ते जनता पक्षाचे. त्याच कर्नाटकात २०१९ मध्ये जेडीएस-काँग्रेस सरकारच्या काळातल्या टॅपिंगची चौकशी नंतरच्या भाजप सरकारने सीबीआयकडे दिली. तेलंगणात बीआरएसच्या राजवटीतल्या टॅपिंगबद्दल काँग्रेस सरकारच्या काळात २०२४ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाली. पक्षांची नावं बदलतात, पण विरोधात असताना आरडाओरडा आणि सत्तेत आल्यावर शांतता, हा क्रम सगळीकडे सारखाच दिसतो. पीयूसीएल निकालानंतर दिल्लीत आणि राज्यांत जवळजवळ सगळ्या मोठ्या पक्षांनी सत्ता भोगली. परवानगीचा अधिकार गृहसचिवांकडून काढून न्यायाधीशाकडे द्यावा, असा कायदा कोणीच केला नाही.

इंजिनिअर म्हणून मला दिसणारी चूक

वरच्या प्रकरणातला भलत्या नावांचा आरोप एक क्षण खरा मानू. मग प्रश्न येतो: हे शक्य कसं होईल?

नेटवर्कला नाव कळत नाही. त्याला कळतो फक्त नंबर. प्रस्तावातलं "नाव" हा हाताने लिहिलेला रकाना असतो. तिथे अमजद खान लिहा नाहीतर आणखी कोणी, टॅप त्या नंबरवरच लागतो. सही करणाऱ्यासमोर अनोळखी नाव आणि "अमली पदार्थ" हे कारण येतं. त्याला शंका यायचं कारणच नाही.

खरं तर प्रत्येक नंबरमागे कोणाचं केवायसी आहे हे कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतं. प्रस्तावातला नंबर त्या डेटाबेसशी आपोआप जुळवला आणि खरं नाव थेट गृहसचिवांच्या स्क्रीनवर दाखवलं, तर नंबर खासदाराचा आहे हे सहीआधीच कळेल. गुन्हेगार दुसऱ्याच्या नावाचं सिम वापरतात, म्हणून नाव जुळलं नाही तर टॅप नाकारायलाच हवा असं नाही. पण न जुळण्याचं कारण लिहून घ्यायला हवं. आपण साधं यूपीआय पेमेंट करताना आधी समोरच्याचं नाव बघतो आणि मग पिन टाकतो. शंभर रुपयांसाठी जी खबरदारी आहे, तेवढी तरी इथे असावी.

बरा नमुना महाराष्ट्रातच आहे

संघटित गुन्हेगारीसाठी राज्याने १९९९ मध्ये मकोका आणला. सरकार तेव्हा शिवसेना-भाजपचं होतं आणि नंतर काँग्रेस-राष्ट्रवादीनेही तो भरपूर वापरला. कडक म्हणून त्यावर टीका होते आणि ती रास्तही आहे. पण याच कायद्याचं कलम २७ फार कमी लोकांना माहीत आहे. मकोकाखाली टॅपिंगचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले याचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठेवावा, असं त्यात लिहिलं आहे. राज्याच्या सुरक्षेला बाधक भाग वगळण्याची मुभाही आहे. म्हणजे आकडे सांगितल्याने सुरक्षा धोक्यात येते हे कारण इथल्याच आमदारांनी २५ वर्षांपूर्वी मोडीत काढलंय. दूरसंचार कायद्याखालच्या टॅपिंगला मात्र असं बंधन नाही.

अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर न्यायाधीशाचा आदेश लागतो आणि टॅप संपल्यावर साधारण ९० दिवसांत संबंधित माणसाला कळवावं लागतं. आपल्याकडे कळवण्याची सोयच नाही, मग दाद मागणार कशी? दाद मागता आली तर काय होतं त्याचं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या एका व्यावसायिकाचे फोन लाचखोरीच्या संशयावरून टॅप झाले होते. सीबीआयच्या खटल्यात त्याला हे कळलं आणि तो उच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने विनीत कुमार निकालात टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न नसताना फोन ऐकता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यामागे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचाही आधार होता, ज्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

तुम्ही काय करू शकता?

*\*#२१# वाला मेसेज फॉरवर्ड करू नका.* हा कोड टॅपिंग दाखवत नाही. तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का, एवढंच दाखवतो. भामटे कॉल वळवून ओटीपी चोरतात, म्हणून तो तपासणं चांगलं आणि ##००२# डायल केलं की वळवलेले सगळे कॉल बंद होतात. सरकारी टॅप मात्र कुठल्याही कोडने कळत नाही.

*फोन अपडेट ठेवा, बॅकअप लॉक करा.* स्पायवेअर जुन्या त्रुटींतून शिरतं. व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउड बॅकअप एन्क्रिप्ट करायची सोय २०२१ पासून आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते. आणि हेही लक्षात ठेवा, घरातल्याच कोणी अनलॉक केलेल्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून ठेवणं, ही सामान्य माणसासाठी सरकारी टॅपपेक्षा जास्त शक्य असलेली गोष्ट आहे.

*बेकायदा टॅपिंग हा गुन्हा आहे.* दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

*आकडे मागा.* हे पारनेरकरांना शिकवायची गरज नाही. राळेगणसिद्धी याच तालुक्यात आहे आणि राज्याच्या माहिती अधिकार कायद्यासाठी अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. "माझा फोन टॅप होतोय का?" या प्रश्नाचं उत्तर माहिती अधिकारात मिळणार नाही. संख्येचं मिळू शकतं. गृह विभाग, मंत्रालय यांच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून, दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. असं विचारा:

- मकोका कलम २७ खालचा वार्षिक अहवाल मागच्या पाच वर्षांत कोणकोणत्या तारखांना विधिमंडळात ठेवला? त्याच्या प्रती द्याव्यात.
- टॅपिंग आदेशांची तपासणी करणाऱ्या समितीच्या मागच्या पाच वर्षांत वर्षनिहाय किती बैठका झाल्या?
- समितीने किती आदेश तपासले आणि त्यांपैकी किती अयोग्य ठरवले?

नावं मागू नका, सुरक्षेच्या कारणाने अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

तुमचा आवडता पक्ष सत्तेत असतानाच हा अर्ज करा. विरोधात असताना हे प्रश्न विचारायला सगळेच तयार असतात. आणि उमेदवार मत मागायला दारात आला की पक्ष न बघता एकच विचारा: निवडून आल्यावर टॅपिंगचे आकडे सभागृहात मागणार का? ज्या फोनवर आज त्याच्या प्रचाराचे कॉल येतात, तोच फोन उद्या कोणाच्या यादीत असेल हे त्यालाही माहीत नाही.